हळद लागलेली फ्लॉपी

आमच्या दुकानात लाईट गेली की किस्से सुरू व्हायचे, आणि त्या काळात हिंगोलीत लाईट इतक्या मनापासून जायची की किस्से कधी संपलेच नाहीत! कंप्युटर बंद, प्रिंटर बंद, पंखा बंद. चालू काय राहतं? तोंड! जुन्या पेपरची घडी करून वारा घेत बसायचं, समोरून चहा मागवायचा आणि कुणीतरी म्हणायचं, "अरे, ते हळदीचं सांग ना!" ज्यानं सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं असायचं तोच आधी हसायचा.

दुकान कसलं ते आधी सांगतो. हिंगोली नुकतीच जिल्हा झाली होती. नवी नवी ऑफिसं आली आणि प्रत्येक ऑफिसाला सगळं टाइप करून हवं झालं. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत उत्तमभाऊ खंदारेंनी एक गाळा घेतला आणि टायपिंगची, लग्नपत्रिकांची पाटी लावली. मी बालाजी, त्यांचा डिझाइनवाला. डिझाइन म्हणजे काय, तर गणपती पत्रिकेच्या मधोमध बसवायचा आणि 'माझ्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी लेकरं खालच्या कोपऱ्यात कोंबायची. त्यातही कुणाचं तरी लेकरू राहायचंच, आणि मग त्याची आई दुकानात यायची!

तिसरी सुनीता राठोड. गोरेगावजवळच्या एका तांड्यावरची. बारावी झाली, टायपिंग शिकली, आमच्याकडं कामाला लागली आणि बघता बघता वेगात आम्हा दोघांच्या पुढं गेली. तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती : गोरेगावात स्वतःचं दुकान. गोरेगावच्या माणसाला साधा अर्ज टाइप करायचा म्हटलं तरी जीपमध्ये लटकत सेनगाव नाहीतर हिंगोली गाठावी लागायची. तिथं दुकान चालणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं.

अडचण तिच्या वडिलांची होती. हरचंद राठोड दरसाल दसऱ्यानंतर सगळं घर घेऊन ऊसतोडीला जायचे. त्यांनी सांगून टाकलं होतं, "दुसऱ्याच्या दुकानात बसायला मी पोरीला मागं ठेवणार न्हाई. ट्रक यायच्या आत सोताचं दुकान चालू झालं तर ऱ्हाय. न्हाईतर औंदा तू बी ट्रकात." म्हणजे सुनीताचं सगळं एका दुकानावर अडलेलं होतं, आणि ते दुकान अडलं होतं एका फ्लॉपीवर!

*

आमचं सॉफ्टवेअर लायसनचं होतं. आख्ख्या गल्लीत असलं पाप दुसऱ्या कुणी केलं नव्हतं! बाकी सगळ्यांकडं कॉपी. समोरचा गजानन तर सीडीची कॉपी करून द्यायचा आणि वर चहा पाजायचा. उत्तमभाऊंनी पुण्याच्या एका कंपनीचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर रीतसर विकत आणलं तेव्हा गल्ली हसली. मीही म्हणालो, "भाऊ, फुकट मिळून राहिलंय तर विकत काहून?"

उत्तमभाऊ चष्मा पुसत म्हणाले, "बालाजी, आपल्या वस्तीतली जयंतीची पत्रिका ह्याच मशीनवर निघणार. ती काय चोरलेल्या अक्षरात छापू?"

उरलेलं गजाननच्या कॉपीनं बोलून टाकलं.

त्या लग्नसराईत काय झालं कुणास ठाऊक, त्याची कॉपी बिघडली आणि प्रत्येक पानाच्या तळाला एक बारीक ओळ छापायला लागली : 'ही प्रत फक्त नमुन्यासाठी आहे.' गजाननला दिसलं नाही, छापणाऱ्याला दिसलं नाही, वाटणाऱ्याला तर दिसायचा प्रश्नच नव्हता. सगळ्या पत्रिका वाटून झाल्या, अगदी पाहुण्यांच्या पाहुण्यांपर्यंत. मग एक दिवस नवरदेवाचे मामा घामाघूम होऊन आमच्या दुकानात आले आणि पत्रिका उत्तमभाऊंच्या पुढ्यात टाकली.

"भाऊ, दुसऱ्या छापून द्या. आजच्या आज!"

"काहून? झकास तर हाय," उत्तमभाऊ म्हणाले.

मामांनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "पोरीच्या बापाचा निरोप आलाय. लग्न खरं हाय का नमुन्याचं, तेवढं कळवा मनला!"

*

आता लायसनचा कारभार समजून घ्या, फार काही नाही त्यात. सॉफ्टवेअरची सीडी कितीही कंप्युटरमध्ये घाला, पण मराठी अक्षर उमटायचं तर एका फ्लॉपीतून त्या मशीनवर लायसन चढवावं लागायचं. फ्लॉपीत लायसन एकच. ते मशीनवर चढलं की फ्लॉपी रिकामी. दुसऱ्या मशीनवर हवं असेल तर पहिल्यावरून उतरवून पुन्हा फ्लॉपीत घ्यायचं आणि मग तिकडं चढवायचं. उत्सवमूर्तीसारखं म्हणा ना. पालखीत बसली की गाभाऱ्यात नाही!

एका बंद पडलेल्या क्लासचा जुना कंप्युटर उत्तमभाऊंनी सुनीताला तिच्या जादा कामाच्या बदल्यात मिळवून दिला होता. गोरेगावात खोली मिळेपर्यंत तो आमच्याच दुकानात होता. म्हणजे मशीन दोन आणि लायसन एक. रोज सकाळी भांडण! शेवटी उत्तमभाऊंनी शेतातला तोडगा काढला. "विहिरीवर मोटर एक आन् भाऊ दोन असले की काय करतेत? बारी लावतेत. दुपारपर्यंत माझ्या मशीनवर, दुपारून सुनीताच्या."

एकदा बारी बदलायच्या वेळेला हट्ट्याहून आलेले एक आजोबा अर्ज टाइप करून घ्यायला बसले होते. उत्तमभाऊ त्यांना म्हणाले, "बसा बाबा, जरा लायसन उतरवून राहिलो." आजोबा सावरून बसले. एका मशीनमधून फ्लॉपी निघाली, ती हातात घेऊन उत्तमभाऊ दुसऱ्या मशीनकडं वळले आणि नेमकी लाईट गेली. दुकानात अंधुक उजेड, सगळे जागच्या जागी.

आजोबांनी हळूच विचारलं, "आता कुठं हाय म्हणायचं ते?"

"हे काय, ह्याच्यात," उत्तमभाऊंनी फ्लॉपी वर धरून दाखवली.

आजोबा घाईघाईनं उठले. "मंग वता की लवकर तिकडं, सांडंल!"

*

ठरलं होतं ते असं. कंपनीचं नवं व्हर्जन येणार होतं. ते आलं की उत्तमभाऊ स्वतःसाठी घेणार आणि जुनं लायसन सुनीताला देणार. पण नवं व्हर्जन येणार दिवाळीनंतर आणि ट्रक येणार दिवाळीच्या आधी! सुनीताच्या टायपिंगमध्ये चुका व्हायला लागल्या. कधी न होणाऱ्या चुका. उत्तमभाऊंनी एक पान वाचलं, दोन वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

"दसऱ्याला चढवू गोरेगावला," ते म्हणाले. "मुहूर्त चांगला हाय. नवं येईपर्यंत माझं मी बघतो."

गोरेगावात एका निवृत्त गुरुजींची रस्त्याकडची खोली मिळाली. खंडेनवमीच्या सकाळी उत्तमभाऊंनी आपल्या मशीनवरून लायसन उतरवून फ्लॉपीत घेतलं, फ्लॉपी टेबलावर ठेवली आणि जीप ठरवायला गेले. मी चहा सांगायला गेलो. दुकानात सुनीता एकटी, आणि तेवढ्यात आल्या शांताकाकू!

शांताकाकू आमच्या गाळ्याच्या मालकीण. खंडेनवमीला ताट घेऊन त्या आपल्या सगळ्या गाळ्यांतून फिरायच्या. शिंप्याचं मशीन, किराण्याचा तराजू, सायकलवाल्याचा पंप, सगळ्यांना हळदकुंकू. उत्तमभाऊ स्वतः पूजाअर्चा करत नसत, पण काकूंना त्यांनी कधी अडवलं नाही. "आपल्या कामाला मान देऊन राहिल्या त्या," म्हणायचे.

काकूंनी सुनीताला विचारलं, "ह्याच्यात सगळ्यात मोलाचं काय गं पोरी?"

सुनीतानं फ्लॉपीकडं बोट दाखवलं आणि ती मॉनिटरला झेंडूचा हार घालायला वळली. मी चहा घेऊन आलो तोवर कीबोर्डला टिळा, माऊसला टिळा, पंचिंगच्या मशीनला टिळा. आणि फ्लॉपी? फ्लॉपी नवरीसारखी पिवळीधमक!

"काकू! हिला काहून लावलं?"

"काहून मंजे? मोलाची हाय ना? आन् वरतून न्हाई लावलं रे," काकू कौतुकानं म्हणाल्या. "वरतून लावून काय उपेग? ते बारकं पत्र्याचं दार हाय बघ तिला, ते सरकवलं आन् आत लावलं. चांगली कालवून!"

उत्तमभाऊ आले. फ्लॉपी पुसून मशीनमध्ये घातली. मशीननं कुरकुर केली, करकर केली आणि बाहेर टाकली. पुन्हा घातली, पुन्हा टाकली. लायसन मशीनवरून तर उतरलेलं आणि फ्लॉपी हळदीत, म्हणजे आता ते कुठंच नव्हतं. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. सुनीता मॉनिटरवरचा तो हार उगाचच नीट करत बसली. मला तिच्याकडं बघवेना.

उत्तमभाऊंनी फ्लॉपी नाकाशी नेली, वास घेतला आणि काकूंकडं बघून म्हणाले, "बाजारची न्हाई हां. घरची हाय!"

काकू रडता रडता हसल्या.

*

दसरा झाल्यावर शेजारच्या बूथवरून पुण्याला फोन लावला. कंपनीतल्या मॅडमनी फोन घेतला. आवाज बारीक, पण कामाच्या वाटत होत्या. उत्तमभाऊंचं बोलणं बाहेर सगळ्या गल्लीला ऐकू येत होतं आणि रिसीव्हर कानापासून लांब धरल्यामुळं मॅडमचंही.

"फ्लॉपी खराब कशी झाली, सर?"

"हळद लागली मॅडम."

"जेवताना सांडली का?"

"न्हाई, पूजेत लावली."

मॅडमनी जरा जपून विचारलं, "वरून ना?"

"न्हाई. आतून."

पलीकडून जोरात हसण्याचा आवाज आला. मग मॅडमनी दम घेतला आणि नीट समजावून सांगितलं. जुनी फ्लॉपी कंपनीकडं पाठवायची. ती हातात पडली की त्या फोनवरूनच नवं लायसन देतील. फक्त ज्या मशीनवर चढवायचं त्या मशीनच्या जवळून फोन करायचा. सुनीतानं एवढं ऐकलं आणि खंडेनवमीपासून पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

"मॅडम, हळद स्वच्छ पुसून पाठवतो," उत्तमभाऊ म्हणाले.

"नको नको, पुसू नका! इथं कोणाचा विश्वास बसणार नाही!"

*

मधला एक किस्सा राहिला, तो जीपचा. लायसन नसलं तरी मुहूर्त मोडायचा नाही म्हणून सुनीताचा कंप्युटर दसऱ्याच्या दिवशीच गोरेगावला न्यायचं ठरलं होतं. गोधडीत गुंडाळून मॉनिटर जीपमध्ये ठेवला. जीप गोरेगावची, म्हणजे आत माणसं, मागं माणसं, टपावर माणसं आणि बाजूला लटकलेली वेगळी. ड्रायव्हरनं पुढच्या शीटवरच्या एका गृहस्थाला उठवलं आणि तिथं मॉनिटर बसवला.

गृहस्थ भडकले. आपटा घेऊन सासुरवाडीला निघाले होते, नवं धोतर होतं अंगावर. "माणूस मागं लटकणार आन् हे डबडं पुढं बसणार?"

ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "पाव्हणं, तुमी पडलात तर झटकून उठताल. हे पडलं तर पुण्याहून माणूस आणावा लागतो!"

गृहस्थ मागं गेले. नुसते गेले नाहीत, सेनगाव येईपर्यंत दर खड्ड्याला ओरडून विचारत होते, "पुढचं बराबर हाय ना?"

*

फ्लॉपी एस.टी.च्या कंडक्टरकडून पुण्याला रवाना झाली आणि आमच्या दुकानात मराठी संपली. नुसती इंग्रजी उरली. उत्तमभाऊंनी माळ्यावरून जुना टाइपरायटर काढला, पण लग्नपत्रिका काय टाइपरायटरवर काढणार? गिऱ्हाईक यायचं, पत्रिकेचा मजकूर पुढं करायचं आणि मी म्हणायचो, "मराठी न्हाई सध्या."

"न्हाई मंजे? कुठं गेली?"

"पुण्याला गेलीय. येईल."

गजाननला फार आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटेल. झाला, पण तो चार दिवसच. मग तोच आमच्याकडं येऊन बसायला लागला. "भाऊ, लवकर आणा तुमची मराठी. इकडं गर्दीनं जीव चाललाय माझा!"

फ्लॉपी वाटेतच कुठंतरी अडकली होती आणि दिवस जात होते. ट्रक कधी येणार याच्या रोज नव्या बातम्या. सुनीता गोरेगावच्या खोलीत मराठी नसलेला कंप्युटर पुसत बसायची. आणि इकडं हिंगोलीत आमच्या रोजच्या गिऱ्हाइकांना सुगावा लागला की लायसन परत येणार, पण गोरेगावला चढणार! एका ऑफिसातले भाऊसाहेब मुद्दाम येऊन बसले. माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांची कामं अडली होती.

"उत्तमराव, लायसन आलं की इथंच चढवा. पोरीचं पुढच्या साली बघू. हे जिल्ह्याचं ठिकाण हाय. गोरेगावला काय करायचीय मराठी?"

उत्तमभाऊंनी टाइपरायटरवरचा कागद फिरवून नीट केला. "काहून साहेब? तिकडची माणसं इंग्रजीत भांडतेत का?"

*

फ्लॉपी पुण्यात पोचल्याचा निरोप बूथवर आला त्याच दिवशी ट्रक पण आले. दैव कधी कधी अशी चेष्टा करतं की हसावं का रडावं कळत नाही. उत्तमभाऊ आणि मी मिळेल त्या जीपनं गोरेगाव गाठलं. बाजाराचा दिवस. फाट्यावर दोन ट्रक उभे, तांड्यावरच्या बाया गठुडी वर चढवून राहिलेल्या. हरचंद राठोड मुकादमाशी बोलत होते. सुनीताचं गठुडंही ट्रकात गेलं होतं.

कंप्युटर गुरुजींच्या खोलीत आणि फोनचा बूथ रस्त्याच्या पलीकडं. कंप्युटरवर एक लांबलचक कोड यायचा, तो मॅडमना सांगायचा आणि त्या देतील ते उत्तर टाकायचं. कागदावर लिहून न्यायला गेलो तर मॅडम म्हणाल्या, तेवढ्यात कोड बदलतो. मग काय करायचं? सुनीता मशीनसमोर बसून खिडकीतून ओरडणार, मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून ते झेलून बूथकडं ओरडणार आणि उत्तमभाऊ बूथमधून मॅडमना सांगणार!

बाजारात गोंगाट इतका की नुसतं 'बी' म्हटलं तर 'डी' की 'टी' काही कळेना. म्हणून गावांची नावं जोडायला लागलो.

"जी! गोरेगावचा!"

"एच! हट्ट्याचा!"

"एस! सेनगावचा!"

"के! कळमनुरीचा!"

आता बाजार म्हटल्यावर माणसं गोळा झालीच. भाजीवाला, बांगडीवाली, शेळी विकायला आलेले दोघं, सगळे मदतीला! मी अक्षर ओरडायचा अवकाश, चार गावांची नावं यायची. एक म्हातारी तर रागावली, "माझ्या म्हायेराचं नाव काहून घेऊन राहिला न्हाई?" तिला सांगितलं, "आजी, तुमचं अक्षरच आलं न्हाई अजून." ती म्हणाली, "मंग मी थांबते." आणि थांबली.

सगळं सुरळीत चाललेलं आणि सुनीता खिडकीतून ओरडली, "क्यू!"

"क्यू!" मी ओरडलो. भाजीवाल्यानं डोकं खाजवलं. शेळीवाल्यानं आकाशाकडं बघितलं.

बूथमधून मॅडमचा आवाज, "क्यूचं गाव कोणतं, सर? लवकर सांगा, वेळ संपतोय!"

"मॅडम, क्यूचं गाव न्हाई आमच्याकडं," उत्तमभाऊ ओरडले. "पण जिल्हा नवीन हाय. तुमी आत्ता लिहून घ्या, आमी नंतर वसवतो!"

*

आता शेवटचं सांगतो, ते लगेच त्याच वेळेचं.

कोड संपला तसं मॅडमनी विचारलं, "लायसनवर नाव तेच ना, सर? उत्तम खंदारे, हिंगोली?"

उत्तमभाऊंनी बूथच्या काचेतून फाट्यावरच्या ट्रककडं बघितलं. "न्हाई मॅडम. नाव बदलायचं. लिहून घ्या." मग रस्त्याकडं पाठ केली आणि हळू आवाजात काहीतरी सांगितलं. इतका वेळ आख्ख्या बाजाराला ऐकवणारा माणूस, पण तेवढं माझ्यापर्यंतही आलं नाही.

उत्तराचा कोड उलट्या वाटेनं आला. बूथमधून रस्त्यावर, रस्त्यावरून खिडकीत. सुनीतानं टाइप केला. मग तिचा आवाज आला, "भाऊ, चढलं!"

बाजारानं टाळ्या वाजवल्या. कशाला वाजवल्या ते बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं.

मी खोलीत गेलो तर माझ्या मागोमाग हरचंद राठोड दारात. डोक्याला मुंडासं, हातात पाण्याचा कॅन. "सुने, चल. गाड्या निघाल्या."

"बा, जरा आत या ना."

"काय हाय?"

"या तर."

ते दबकत आत आले. सुनीतानं सॉफ्टवेअर चालू केलं. पडदा निळा झाला आणि मधोमध मोठ्या मराठी अक्षरांत एक ओळ आली. सुनीता बघतच राहिली.

"काय लिवलंय?" हरचंद म्हणाले. त्यांना वाचता येत नव्हतं.

सुनीतानं आधी मनात वाचलं, मग मोठ्यानं. "परवानाधारक, सुनीता हरचंद राठोड, गोरेगाव."

"माझं नाव हाय त्याच्यात?"

"व्हय बा. मधी तुमचंच हाय."

ते पडद्याच्या जवळ वाकले, तोवर ओळ गेली आणि कोरं पान आलं. हरचंद दचकले. "कुठं गेलं?"

"ते चालू करतानाच दिसतं, बा. मग जातं."

"मंग बंद कर. पुन्हा चालू कर."

सुनीतानं बंद केलं, पुन्हा चालू केलं. ओळ आली. हरचंदनी बोटानं काचेवर मधलं नाव कुठलं ते विचारून घेतलं. मग दारात जाऊन हाक मारली आणि ट्रकातून सुनीताची आई उतरून आली. "याडी, बघ," सुनीता म्हणाली आणि पुन्हा चालू केलं. आईच्या मागं चुलती आली, चुलतीच्या मागं तांड्यावरच्या बाया. प्रत्येकीसाठी बंद, प्रत्येकीसाठी चालू. खोलीत उभं राहायला जागा उरली नाही.

बाहेर मुकादम हॉर्नवर हॉर्न वाजवायला लागला. हरचंद खिडकीतून ओरडले, "थांब म्हणलं ना! मागल्या गाडीतल्या बाया राहिल्यात अजून!"

रस्त्याच्या पलीकडं उत्तमभाऊ बूथच्या पायरीवर चष्मा पुसत बसले होते. मी हातानं बोलावलं. त्यांनी मान हलवली आणि तिथंच बसून राहिले.

शेवटची बाई बघून गेली तसे हरचंद बाहेर पडले आणि फाट्याकडं निघाले. सुनीताचा चेहरा उतरला. ते ट्रकावर चढले, गठुड्यांच्या ढिगात हात घातला, एक गठुडं ओढून काढलं आणि खांद्यावर घेऊन बाजारातून परत आले. ते कंप्युटरच्या टेबलाखाली नीट सारून ठेवलं. मग गुरुजींची खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले, मुंडासं काढून मांडीवर घेतलं आणि म्हणाले,

"हं. आता लाव पुन्हा."